कार्बोरेटरच्या दोन सुया

ओकाया, ११ नोव्हेंबर २०१८

चिगुसा,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करायची असते. थंडी पडली आहे, तळ्यावरून वारा येतो, माझे गुडघे दुखतात. झालं हवापाणी.

तुझा पत्ता नव्या वर्षाच्या कार्डावरून घेतला. चौदा वर्षं तू दर जानेवारीला छापील कार्ड पाठवतेस, हाताने एक अक्षर न लिहिता. तुझी आई होती तोवर ती ते कार्ड खिडकीपाशी नेऊन उलटंसुलटं करून बघायची, कुठे कोपऱ्यात पेन्सिलीने काही आहे का म्हणून. मी तसलं काही करत नाही. एकदोनदा केलं, पण सापडलं नाही.

आता कामाचं. गाडीच्या दोन वर्षांच्या तपासणीची मुदत वीस फेब्रुवारीला संपते. आधीच खात्री करावी म्हणून आपल्याच शेडमध्ये धूर मोजला, तर काटा पार पलीकडे गेला. स्लोवर सोडली की इंजिन वरखाली होतं, दमेकऱ्यासारखं. दोन्ही कार्बोरेटरच्या झडपांचे दांडे घासलेत आणि त्यांनी बॉडीचं भोक मोठं केलं आहे. बाजूने हवा शिरते. भोक बुजवायला पहिले बुश मी बसवले, दुसरे तू बसवलेस, नव्याण्णव साली. तिसऱ्यांदा भोक पाडायला आता तिथे धातूच उरलेला नाही.

शुहेई म्हणतो, "बाबा, नवी जोडी मागवू या. हुबेहूब त्याच घडणीची मिळते आता." मी म्हटलं, हुबेहूब म्हणजे मूळचं नव्हे. त्यावर तो म्हणाला, "तुमचे दात तरी कुठे मूळचे आहेत?" तुला माहीत आहे मी ह्या गाडीत आजवर परका खिळा बसू दिला नाही. गिरणीमालकाच्या पोराने भाताच्या खाचरात घातलेली गाडी मी भंगाराच्या भावाने उचलली. पन्नास वर्षं झाली. आरसे तेच, सीटचं कातडं तेच, एकेरी आकड्याची, हल्ली मिळत नाही ती जुनी नंबरपट्टीसुद्धा तीच. लोक लांबून बघायला येतात.

शुहेईचं नाव वाचून पत्र फाडू नकोस. तो तुझा नवरा होता, ते संपलं. पण जावई म्हणून आला तेव्हा मी त्याला दत्तक घेतलं, तो माझा मुलगा आहे हे कागदावर अजून आहे, आणि मोमोसे मोटर्सचं शटर रोज तोच उघडतो. त्याला वगळून पत्र लिहायचं तर मला कोरा कागद पाठवावा लागेल.

तुला विचारायचं कारण असं. गाडी कागदोपत्री माझी आहे, पण आई दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात म्हणाली, "ती गाडी चिगुसाला द्या." मी मान हलवली. त्याला सहा वर्षं झाली. मान हलवण्यापलीकडे मी काही केलं नाही हे तुलाही दिसतंच आहे. निदान मूळचे कार्बोरेटर उतरवण्याआधी तुला विचारावं असं वाटलं. उतरवू का, एवढं कळव.

आणखी एक. आई शेवटपर्यंत म्हणत राहिली की तू गेलीस त्या सकाळी शेडच्या दारात उभी राहून मला काहीतरी म्हणालीस. मी तेव्हा ह्याच गाडीच्या कार्बोरेटरला नळी लावून त्याचा आवाज ऐकत बसलो होतो. नळी कानाला असली की बाकीचं जग बंद होतं, तुला सांगायला नको. मला काही ऐकू आलं नाही. तू ते मनात धरून बसली असशील तर एवढं समजून घे.

प्रकृतीला जप. तिकडे हाकोदातेला बर्फ लवकर पडतो म्हणे.

काट्सुतोशी

ओकाया, ९ डिसेंबर

चिगुसा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. जहाजांच्या दुरुस्तीत हिवाळ्यात कामाचा ढीग असतो, हे मला कळतं. होड्यांची डिझेल इंजिनं म्हणजे रेड्यांशी झोंबी. तुझ्या हातांना भेगा पडत असतील. आई सुया ओवण्याआधी हाताला लावायची ते कॅमेलियाचं तेल तिकडे मिळतं का?

मी तुझ्या होकाराची वाट पाहिली नाही. शुहेईने जोडी मागवली, ती आली, आणि गेल्या रविवारी आम्ही जुनी उतरवली. मी म्हटलं होतं मी एकटाच उतरवेन. पहिल्याच नटावर पाना सटकला आणि बोटाची साल निघाली. शुहेई काही बोलला नाही, नुसता दिवा धरून उभा राहिला. तो बोलत नाही तेव्हा जास्त राग येतो.

"बोल की," मी म्हटलं.

"काय बोलू? बोट पुसा आधी. मूळच्या गाडीवर परकं रक्त नको."

त्याला हल्ली जीभ फुटली आहे. तुझ्या वेळी एवढी नव्हती.

मग हवेच्या फिल्टरमागचं पॅकिंग निघालं. जाड निळसर पुठ्ठ्याचं, हाताने कापलेलं. उलटून पाहिलं तर आतल्या बाजूला छापील चौकटी. "गणित", आणि त्यापुढे शिक्षकांच्या लाल पेनाने अर्धवट कापला गेलेला आकडा. खाली पालकाच्या सहीच्या शिक्क्याची रिकामी चौकट. तुझं नववीचं प्रगतिपुस्तक, चिगुसा. आई तीन दिवस कपाटं उपसत होती, आणि तू तोंड वर करून म्हणालीस की वाऱ्याने तळ्यात उडालं. पंधरा वर्षांच्या पोरीने बापाच्या गाडीत आपले गणिताचे गुण कोंबले आणि तेहतीस वर्षं त्यातून हवेचा थेंब सुटला नाही. कापलं होतंस मात्र झकास. भोकं बरोबर मधोमध.

म्हणजे "परका खिळा बसू दिला नाही" हे मी इतकी वर्षं जगाला सांगत होतो ते खरं नव्हतं.

आतल्या दोन्ही सुया काढून टेबलावर ठेवल्या. निमुळत्या, एका अंगाने घासून चपट्या झालेल्या. नखाला लागत नाही, पण उजेडात धरली की दिसतं. पन्नास वर्षं त्या पितळी भोकात वरखाली, वरखाली. आई असती तर म्हणाली असती, आता पुरे करा, विसावा द्या त्यांना.

आता एक सांगतो, कारण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. गेल्या पत्रात मी लिहिलं नाही. शुहेईने तीन वर्षांपूर्वी लग्न केलं. तिचं नाव साएको. आधी गिफूकडे शाळेच्या स्वयंपाकघरात होती. घरात आमच्याबरोबरच असते. मला "बाबा" म्हणते. मी पहिलं वर्षभर ओ दिली नाही, तिने हाक मारायचं सोडलं नाही, शेवटी दमून मीच ओ देऊ लागलो. नोझावानाच्या पाल्याचं लोणचं घालते ते खारट होतं. आईच्या बरण्या वापरते, पण त्या आधी मला विचारून घेतल्या. वाईट नाही गं ती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

म्हणजे माझ्या घरात आता जो मुलगा आहे तो माझा नव्हे, जी सून आहे ती त्याची, आणि जी माझी आहे ती हाकोदातेला होड्यांखाली पडलेली आहे. हे मी कुणाला सांगत नाही. गावात लोक म्हणतात, मोमोसेंचं नशीब, म्हातारपणी सगळं सांभाळणारं मिळालं. मी म्हणतो, हो, हो.

दमतो मी हल्ली. दुपारी दोन वाजताच.

काट्सुतोशी

ओकाया, १४ जानेवारी २०१९

चिगुसा,

कार्ड मिळालं. यंदाही छापीलच. हे रानडुकराचं वर्ष, त्याचं चित्र बरं आहे. मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं, खरं ते सांगतो.

नवी जोडी बसवली. दिसायला अगदी तीच, पण चकाकी डोळ्यांत खुपते, नव्या दातांसारखी. पॅकिंग मी स्वतः कापलं. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मग मी नळी घेतली, आपली जुनीच, लाल रबराची. एका कार्बोरेटरच्या तोंडाशी लावली, ऐकलं. दुसऱ्याच्या तोंडाशी लावली, ऐकलं. दोन्हीचा श्वास सारखा. उगाच नाही साठ वर्षं ह्या कानांवर जगलो. तू सात वर्षांची असताना तुला पेट्रोलच्या पत्र्याच्या डब्यावर उभं करून शिकवलं होतं ते आठवतं? मी विचारायचो, "कोणता जास्त पितोय?" आणि तू न चुकता बोट दाखवायचीस. शुहेईला ते कधी जमलं नाही. तो चार वेळा ऐकतो आणि मग यंत्र लावून बघतो.

पण चमत्कार बघ. दोन्ही सारखे लावूनही धूर कमी होत नाही. प्लग काढले तर पुढच्या दोन सिलिंडरचे काजळीने काळे, मागच्या दोघांचे पांढरेफटक. मी पुन्हा ऐकलं. सारखेच. पुन्हा चालवली, पुन्हा काळे आणि पांढरे, म्हणजे पुढच्यांना पेट्रोल जास्त, मागच्यांना कमी. मला वाटतं नव्या मालातच खोट असणार. शुहेई "असेल, असेल" म्हणतो आणि माझ्याकडे बघत नाही.

काल संध्याकाळी वैताग आला आणि मी शेडमध्ये स्टोव्हपाशी नुसता बसून राहिलो. मोमोसे मोटर्सचा बोर्ड समोर दिसतो तिथून. माझ्या वडिलांनी रेशीम गिरण्यांचे ट्रक दुरुस्त करायला सुरुवात केली तेव्हाचा. त्या बोर्डापायी काय काय झालं ते तुला सांगायची गरज नाही, तरी माझी बाजू एकदा ऐक. मुलगा नसला की आपल्याकडे जावयालाच दत्तक घेतात, त्यात मी काही जगावेगळं केलं नाही. ओकायात पाच दुकानं अशीच चालली आहेत. तू माझ्याहून चांगली कारागीर होतीस हे गिऱ्हाइकांनाही कळायचं, पण ते आले की तुझ्यासमोर उभं राहून विचारायचे, "मालक आहेत का?" मी काय करणार होतो? दुकानाचा शिक्का पुरुषाच्या हाती असलेला बरा, असं मला माझ्या बापाने शिकवलं होतं. मी शुहेईला शिक्का दिला. तू त्या दिवशी जेवली नाहीस. मग वर्षभराने तुमचं फाटलं, आणि मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

लोक म्हणाले, मुलगी उद्या दुसरं लग्न करील, नाव बदलेल, दत्तक मुलगा तरी नाव राखील. मला ते पटलं. तू मात्र नंतर लग्न केलं नाहीस, नाव बदललं नाहीस. कार्डावर अजून मोमोसेच छापतेस.

हे सगळं लिहून मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

काट्सुतोशी

ओकाया, २८ जानेवारी

चिगुसा,

कालच्या फोनवर आपण जे बोललो ते सगळं स्क्रू आणि नटांबद्दल होतं. आणि त्या टोकाला तू होतीस, इथे काय काय झालं ते तुला दिसलं नाही. म्हणून लिहितो.

दुपारचा स्वयंपाक चालला होता. फोन साएकोने घेतला. तिने दोन्ही हातांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाबा, हाकोदातेहून." मग गॅस बंद करून ती बाहेर निघून गेली, वरण अर्धं कच्चं ठेवून. मिसोचं वरण असं सोडून जाणारी बाई नाही ती.

तू "बाबा, कसे आहात" विचारलं नाहीस. म्हणालीस, "प्लग पुढचे काळे, मागचे पांढरे. आणि तुम्ही लिहिता दोन्हीचा श्वास सारखा."

"सारखाच आहे."

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?"

मला खरंच ऐकू आलं नव्हतं, चिगुसा. तू ओरडलीस तेव्हा ते मला कळलं, दारामागे साएकोला कळलं, आणि शेडमध्ये शुहेईलाही कळलं. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात. मला मात्र हाकोदातेहून आरसा दाखवावा लागला.

खरी गोष्ट अशी की चारेक वर्षं झाली. आधी चिमण्या गेल्या. मग किटलीची शिट्टी. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं ते कपाटात आहे. फुसफुस, सुरसुर असले बारीक आवाज मला येतच नाहीत, आणि कार्बोरेटर तर तेवढंच बोलतो. मी नळी कानाला लावून बसायचो ते आता नुसतं सवयीने. मला काही येत नव्हतं, म्हणून मला दोन्ही सारखे वाटायचे.

शुहेई हात पुसत आत आला. मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"तीन वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही गाडी लावून चहाला गेलात की मी पुन्हा लावून घ्यायचो. यंत्राने. गिऱ्हाइकं तुमचंच नाव घ्यायची. बिघडलं काय त्यात?"

मी त्याच्यावर ओरडणार होतो. पण ओरडायला लागतं ते बळच अंगात नव्हतं.

तुझ्यासमोर पुढचं झालंच. त्याच्या खिशातल्या फोनवरून तुला पुन्हा लावला आणि तो आम्ही कार्बोरेटरशी धरला, तर तू म्हणालीस, "मला फक्त शुहेईचा खोकला येतोय." त्या शहाण्या फोनला माणसाचा आवाज तेवढा कामाचा वाटतो, बाकीचा तो गाळून टाकतो. मग तूच म्हणालीस, "घरातला काळा फोन आणा." घरात तोच जुना फोन अजून आहे हे तुला कसं कळलं कोण जाणे. साएकोने धावत जाऊन कुठूनतरी लांब वायर आणली, खिडकीतून शेडपर्यंत ओढली, आणि बर्फात चपलांनिशी उभी राहिली, वायरीवरून कुणी जाऊ नये म्हणून. तिथून जाणारं कुणी नव्हतंच.

मी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं आणि दुसरं फोनच्या तोंडाशी.

"पुढचा जास्त पितोय," तू म्हणालीस. एका श्वासात. पेट्रोलच्या डब्यावर उभी असल्यासारखी.

शुहेई खाली वाकला. तेव्हा तू त्याला विचारलंस, "पाना कोणता घेतलायस?" चौदा वर्षांनी नवराबायकोत झालेलं ते पहिलं वाक्य. मी मध्ये उभा, हातात रबराची नळी.

"तुझाच. इथेच राहिला होता."

शुहेईने तो पाना पँटला पुसला.

"मग बरोबर बसेल," तू म्हणालीस. "नटाच्या दोन कडा वर. थांब. अर्धी परत. आता मागच्याला लावा, बाबा. नाही, नळी तिरकी धरलीत. हां."

पाऊण तास चाललं. शेवटी तू म्हणालीस, "बस. आता कुणी हात लावू नका."

आणि मग कुणीच फोन ठेवला नाही. इंजिन चालू होतं, मी नळी धरून उभा होतो, शुहेई बोनेटला हात टेकून उभा होता. मला ते ऐकू येत नव्हतं, पण मडगार्डवर तळहात ठेवला तर कळत होतं की झटके गेलेत. तू ऐकत होतीस. दोनतीन मिनिटं तरी. मग तू विचारलंस, "थंडी आहे का तिकडे?"

"तळं गोठलं नाही यंदा."

"बरं."

पत्राच्या सुरुवातीला जे लिहायचं असतं ते आपण शेवटी बोललो. फोन ठेवल्यावर शुहेई तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

आता माझं. मागच्या पत्रात मी लिहिलं की तुमचं फाटलं आणि मी "तुमचं तुम्ही बघा" म्हटलं. ते तितकंच नव्हतं. घटस्फोट ठरला त्या आठवड्यात शुहेई माझ्याकडे आला होता. दत्तक मोडायचा कागद त्याने भरून आणला होता, स्वतःचा शिक्का मारून. म्हणाला, "बाबा, हे घर चिगुसाचं आहे. मी जातो. तुम्ही फक्त इथे शिक्का मारा." एक शिक्का, चिगुसा. लाल शाईचा एक ठिपका. दुकान, बोर्ड, सगळं तुझं झालं असतं. मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्याला म्हटलं, कामाला लाग. त्याला वाटलं मी त्याच्यावर माया करतो. मी बोर्डाखाली पुरुष शोधत होतो. तो ते आजवर फेडतोय, आणि तू भोगतेयस.

आईला हे कधी सांगितलं नाही. तिला कळलं असावं. तिने त्यानंतर माझ्या कोटाची बटणं लावायचं सोडलं होतं. मला वाटायचं तिचे डोळे गेले.

काट्सुतोशी

ओकाया, ९ फेब्रुवारी

चिगुसा,

सहा तारखेला गाडी तपासणीत पास झाली. धूर मोजणाऱ्या माणसाने दोनदा काटा बघितला आणि विचारलं, "आजोबा, कुणी लावली?" मी म्हटलं, "माझ्या मुलीने." पुढे काही विचारलं नाही त्याने, मागे रांग होती.

काल आठ तारीख होती. आईचा सुयांचा दिवस. ती वर्षभर वाकलेल्या, मोडलेल्या सुया डबीत साठवायची आणि ह्या तारखेला देवळात नेऊन टोफूत टोचून यायची. तू तिच्या ओच्याला धरून जायचीस. पोरवयात तू विचारलं होतंस, सुईला मऊ का लागतं, आणि आई म्हणाली होती, जन्मभर कडक कापडात घुसायचं म्हणजे सोपं नाही, शेवटी एकदा मऊत निजू दे. ती गेल्यावर घरातून कुणी गेलं नव्हतं. काल मी गेलो. साएकोने पुलापलीकडून टोफूचा तुकडा आणून दिला होता. शुहेई म्हणाला, "मी सोडतो गाडीने." मी म्हटलं चालत जाईन. वाटेत दोनदा बसलो.

देवळात सगळ्या बायका. शिवणवाल्या, दोनतीन शाळेतल्या बाई, आणि मी एकटा म्हातारा. ताटात मोठा टोफू, त्यात रंगीत डोक्यांच्या टाचण्या. मी खिशातून दोन्ही सुया काढल्या. शेजारच्या बाईने वाकून बघितलं.

"ही कसली हो? पोती शिवायची?"

"मोटारीची."

"किती वर्षं वापरली?"

"पन्नास."

"दमली असेल मग," ती म्हणाली आणि मला जागा करून दिली.

आपला टोफू पुढे ठेवून मी दोन्ही सुया त्यात टोचल्या. अडखळल्या नाहीत, सरळ आत गेल्या. मला तिथे रडू आलं. बायका चांगल्या होत्या, सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

ह्या पाकिटात गाडीच्या नावबदलाचे कागद आहेत. माझा शिक्का सगळीकडे मारला आहे. तुझा दोन ठिकाणी लागेल, तिथे पेन्सिलीने गोल काढून ठेवलेत. गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला तुला तिकडे काढावा लागेल. गाडी तिकडे गेली की जुनी नंबरपट्टी जाणार, तो नियम तुला माहीत आहे. जाऊ दे. मी पट्टीचे स्क्रू सैल करून ठेवलेत, आयत्या वेळी गंज अडवायला नको. शुहेईला सांगितलं. तो म्हणाला, "उशीर झाला बाबा, पण बरं केलंत." दुकानाबद्दल मी काही लिहीत नाही. चौदा वर्षांत त्याने ते उभं ठेवलं आहे, आता त्याच्या हातून काढून तुला देणं म्हणजे एका चुकीवर दुसरी. तुला जे द्यायचं होतं ते देण्याची वेळ मी घालवली. गाडी तेवढी राहिली आहे.

सोबत प्रगतिपुस्तकही पाठवतो, म्हणजे त्याचं जे उरलं आहे ते. पालकाच्या चौकटीत शिक्का मारला आहे. गणितात किती होते ते आतातरी सांग.

आता शेवटचं, आणि ह्यासाठीच हे सगळं लिहीत आलो. नोव्हेंबरपासून टाळतोय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू गेलीस त्या सकाळी दारातून काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही, कारण नळी कानाला होती. आईलाही मी हेच सांगितलं. आठ वर्षं सांगत राहिलो, तिच्या उशाशी बसूनसुद्धा हेच सांगितलं. नळी डाव्या कानाला होती, चिगुसा. उजवा मोकळा होता.

तू म्हणालीस, "बाबा, एकदा थांब म्हणा. मी थांबते."

मला ऐकू आलं होतं. प्रत्येक शब्द. तेव्हा माझे कान चांगले होते. मी मान वर केली नाही, स्क्रू फिरवत राहिलो. कोणता कार्बोरेटर जास्त पीत होता तेही मला आठवतंय. पुढचाच. तू बॅग उचललीस त्याचाही आवाज आला, फाटकाचा आला, बस गियर बदलत चढावर गेली तोही आला. मग मी नळी काढली.

कागदांवर शिक्का मार किंवा मारू नकोस. पण ये. साएको म्हणते वरची खोली मोकळी आहे, तिने गादी उन्हात टाकली आहे. आणि आलीस की दारातच उभं राहून पुन्हा तेच म्हण, जरा मोठ्याने. ह्या वेळी नळी कुठल्याच कानाला नसेल.

तुझा बाप,
काट्सुतोशी